घरच्या सुतारकामासाठी बँडसॉ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहतो. घरामागच्या दहा बाय चौदाच्या शेडमध्ये २०१७ पासून चौदा इंची बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत, चालवतो आहे. पाट, पोळपाट, खुर्च्या, देव्हारे आणि नातवंडांची खेळणी असं सगळं त्यावर केलं. सांगली-साताऱ्याकडची मंडळी मशीन घेण्याआधी शेडवर येऊन जातात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

पहिलं मोठं मशीन म्हणून बँडसॉच का? टेबल सॉ का नको?

तुम्ही मुख्यतः प्लायवूडचे कपाट-कट्टे करणार असाल तर टेबल सॉ किंवा ट्रॅक सॉ घ्या. आठ बाय चारचा तक्ता बँडसॉवर सरळ कापणं त्रासाचं आहे.

पण आपल्याकडे भरीव लाकूड हाताशी असतं. बांधावरचा आंबा पडतो, कोणाच्या परसातली बाभूळ काढतात, वाईला किंवा साताऱ्याच्या पेठांत जुना वाडा उतरवतात आणि तुळया विकायला निघतात. हे लाकूड वेडंवाकडं आणि जाड असतं. त्यातून फळ्या काढायच्या तर बँडसॉला पर्याय नाही. दहा इंची टेबल सॉचं पातं एका बाजूने साधारण तीन इंचच खोल जातं. चांगल्या चौदा इंची बँडसॉखाली दहा-बारा इंच उंचीचा ठोकळा उभा धरून चिरता येतो. खाच बारीक पडत असल्याने भुशात जाणारं लाकूडही कमी.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. टेबल सॉचं पातं लाकूड उचलून माणसाच्या अंगावर फेकू शकतं. बँडसॉचं ब्लेड वरून खाली जातं आणि लाकडाला टेबलावर दाबतं, त्यामुळे तो धोका इथे नाही. बोट मात्र दोन्ही मशीन सारख्याच सहजतेने कापतात, हे विसरू नका.

वखारीतला आरा आणि हा बँडसॉ एकच का?

तत्त्व एकच: दोन चाकं आणि त्यांवर फिरणारी दातेरी पट्टी. वखारीतल्या आऱ्याची चाकं तीन-चार फुटांची असतात, ब्लेड चार-पाच इंच रुंद असतं आणि ओंडका गाडीवरून ढकलतात. आपलं मशीन म्हणजे त्याचं घरगुती भावंड. ओंडका दोन-तीन इंची फळ्यांत चिरून घ्यायचा तो वखारीतूनच. मी आजही मोठा ओंडका टेम्पोत घालून तिकडेच नेतो. पुढचं बारीक काम घरी.

घरी बँडसॉ ठेवायला परवाना लागतो का?

हा प्रश्न विकणारे टाळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये विनापरवाना सॉ मिल चालवण्यावर बंदी घातली. लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. परवान्यातून सूट कोणाला, हे त्यांत सांगितलं आहे: कायदेशीर मार्गाने आणलेलं चिरीव लाकूड, प्लायवूड, एमडीएफ वगैरे वापरणारे आणि बँडसॉ, री-सॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठं गोल पातं न चालवणारे. म्हणजे ‘बँडसॉ’ हा शब्द तिथे सरळ आलेला आहे आणि आकाराची मर्यादा गोल पात्यापुरती आहे. या सूचना उद्योगांसाठी आहेत, घरच्या छंदासाठी नाहीत, असं माझं मत आहे. पण माझ्या मताने तुमचं मशीन सुरक्षित होत नाही. मशीनचा आकार, मोटर, जागा आणि वापर लिहून सांगली किंवा साताऱ्याच्या वन विभाग कार्यालयात अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. विक्रीसाठी वस्तू करणार असाल तर हे काम मशीन घेण्याच्या आधी करा.

झाड तोडण्याचा कायदा वेगळा आहे. १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. आपल्या शेतातलं असलं तरी ती तोडायला परवानगी लागते. शहराच्या हद्दीत नगरपालिका-महापालिकेची परवानगी वेगळी. लाकूड विकत घेतलं तर पावती जपून ठेवा.

किती इंची घ्यावा?

बँडसॉचा आकार म्हणजे चाकाचा व्यास. नऊ-दहा इंची मशीन टेबलावर ठेवून चालवायची असतात. खेळणी, पातळ फळ्या आणि वळणाच्या कामाला ती चालतात, पण शिसमाचा सहा इंची ठोकळा दिला की धापा टाकतात. घरासाठी चौदा इंची हे योग्य माप. त्यात ब्लेड आणि मागचा खांब यांच्यात साधारण साडेतेरा इंच जागा मिळते.

चौदा इंचीत दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीची ओतीव लोखंडाची सांगाडी दोन तुकड्यांत असते आणि फक्त सहा इंच उंची देते. मधे ठोकळा घालून ती बारा इंच करता येते. नव्या पद्धतीचा सांगाडा पत्रा वाकवून, वेल्डिंग करून केलेला असतो आणि त्यात मुळातच दहा ते तेरा इंच उंची मिळते. पत्रा जाड असेल आणि मागचा खांब पेटीसारखा बंद असेल तर मी दुसरी जात घेईन. ओतीव सांगाडीत ठोकळा घातला की ब्लेड ताणताना ती लवते, आणि लवली की ब्लेडला ताण पोचत नाही.

सोळा-अठरा इंची मशीन मिळतंय म्हणून मोहात पडू नका. वजन, दरवाजाची रुंदी आणि वीज या तिन्हींचा हिशोब आधी करा. गावठाणातल्या घरांचे बोळ पाच फुटांचे आणि दरवाजे अडीच फुटांचे. शंभर किलोच्या वरचं मशीन तिथून न्यायला चार माणसं लागतात.

जागा किती लागते?

मशीनची बैठक दोन बाय अडीच फुटांत मावते. खरी जागा लागते ती पुढे आणि मागे. सहा फुटी फळी चिरायची तर ब्लेडच्या पुढे सहा आणि मागे सहा फूट मोकळं हवं. शेड लहान असेल तर मशीन दरवाजाच्या रेषेत ठेवा, फळी बाहेर निघू द्या. ब्रेक लागणारी चाकं खाली बसवा. सांगलीत राहत असाल तर चाकं नक्कीच बसवा. का ते पुराच्या प्रश्नात सांगितलं आहे.

मोटर किती एचपीची? घरच्या विजेवर चालते का?

सहा इंचांपर्यंतच्या कामाला एक एचपी पुरते. शिसम, बाभूळ, जुना साग दहा-बारा इंच उंचीत चिरायचा असेल तर दीड ते दोन एचपी हवी. दोन्ही सिंगल फेजवर चालतात. १६ अँपिअरचा प्लग, तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, मोटरची सुरुवातीची ओढ सहन करणारा सी-प्रकारचा एमसीबी आणि व्यवस्थित अर्थिंग एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मिक्सरच्या बोर्डावरून लांब एक्स्टेंशन ओढून हे मशीन चालवू नका.

गावाकडचा मोठा त्रास म्हणजे कमी व्होल्टेज. इंडक्शन मोटरची फिरवण्याची ताकद (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर ताकद जवळपास ६१ टक्क्यांवर येते. मोटर घरघरते, तापते, शेवटी वाइंडिंग जळतं आणि माणूस मशीनला दोष देतो. मीटरवर आकडा बघा. संध्याकाळी दाब उतरत असेल तर चिरण्याचं काम सकाळी करा.

स्विचबद्दल आग्रहाने सांगतो. वीज गेली की आपोआप बंद होणारा आणि वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत चालू न होणारा स्विच हवा. त्याला ‘नो-व्होल्ट’ स्विच म्हणतात. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, आणि नेमकं त्या वेळी हात ब्लेडपाशी असू शकतो. मशीनवर तो नसेल तर बसवून घ्या.

शेतीपंपाच्या थ्री फेजवर मशीन चालवता येईल का, असं खटाव-माणकडचे बरेचजण विचारतात. चालवू नका. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. मशीन थ्री फेज असेल आणि घरात सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लावता येतो. मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीत चालणारी आहे का, तेवढं नावपट्टीवर पाहून घ्या.

दुकानात मशीन कसं पारखायचं?

चित्र बघून घेऊ नका. जाऊन बघा, जाताना गुण्या आणि सरळ पट्टी सोबत न्या.

आधी वीज बंद असताना दारं उघडा आणि वरचं चाक हाताने फिरवा. फिरताना ते डुलतं का, कड आत-बाहेर होते का, बाजूला बोट स्थिर धरून बघा. पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर उभी टेकवा. चाकं एका सपाटीत असली तर पुढे ब्लेडच्या चालीचा निम्मा त्रास वाचतो. ओतीव टेबलावर पट्टी तिरकी आणि सरळ, दोन्हीकडून ठेवा. मधे खळगा असेल तर नको म्हणा. टेबलाखालचा वाकवण्याचा जोड, ज्याला ट्रनियन म्हणतात, तो बारीक पत्र्याचा असेल तर टेबल जड लाकडाखाली लचकेल. हाताने टेबलाची कड दाबून बघा, लचक लगेच कळते.

मग ब्लेड ताणून घ्या आणि वरचं गाइड, म्हणजे ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणारा भाग, पूर्ण वर-खाली करा. वर असताना ते ब्लेडला धरून असेल पण खाली आणल्यावर ब्लेड एका बाजूला ढकललं जात असेल, तर गाइडचा दांडा ब्लेडला समांतर नाही. हा दोष पुढे दर कापाला त्रास देतो. बेअरिंगची गाइड असोत की सिरॅमिकच्या ठोकळ्यांची, दोन्ही चांगली. महत्त्वाचं हे की ती सहज सरकावीत आणि घट्ट केल्यावर हलू नयेत.

शेवटी मशीन चालू करा. टेबलावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करा. मशीन वेगात आल्यावर नाणं उभं राहिलं तर चाकांचा तोल चांगला आहे. पडलं म्हणून लगेच नाकारू नका, फरशी हलत असते. दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा बघा.

सुटे भाग कुठून मिळतील हे त्याच भेटीत विचारा. चाकांवर चढवलेले रबरी टायर, गाइडची बेअरिंग, ताणाची स्प्रिंग आणि पट्टा हे झिजणारे भाग आहेत. मशीनसोबत एक जादा टायरचा जोड घेऊन ठेवा. एकदा एका विक्रेत्याने मला टायरसाठी पाच महिने थांबवलं, आणि तो सगळा उन्हाळा मशीन झाकून ठेवावं लागलं.

जुनं मशीन घ्यावं का?

घ्यावं, पण सांगाडा बघून. टायर, बेअरिंग, पट्टा, कपॅसिटर हे सगळं बदलता येतं. सांगाड्याला तडा असेल, चाक वाकलं असेल किंवा टेबलाला भेग असेल तर फुकट दिलं तरी नको. ओतीव भागावर नवा रंग दिसला तर तो खरवडून खालचं बघू द्या, असं विनासंकोच म्हणा.

ब्लेड कोणतं घेऊ? एकच ठेवलं तर चालेल का?

शेडवर येणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून मी पहिल्यांदा एकच विचारतो: ब्लेड कधी बदललं? दहातल्या आठ वेळा उत्तर ‘मशीनसोबत आलेलंच आहे’ असं असतं. मशीनसोबत येणारं ब्लेड बहुधा कामचलाऊ असतं. बोथट किंवा चुकीच्या दात्यांचं ब्लेड लावलेलं महागडं मशीन स्वस्त मशीनपेक्षा वाईट कापतं. म्हणून मशीनच्या किमतीतून आधीच थोडी रक्कम ब्लेडसाठी बाजूला काढा, त्यासाठी फेन्स (फळी टेकवून सरळ ढकलायची आडपट्टी) किंवा दिवा असल्या जोडगोष्टी पुढे ढकलाव्या लागल्या तरी चालेल.

माझ्याकडे भिंतीवर कायम तीन ब्लेडं टांगलेली असतात. चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंदीचं, इंचाला तीन दात्यांचं, हे फळी जाडीत चिरायला. तीन सूतचं, चार ते सहा दात्यांचं, हे रोजच्या कामाला. दोन सूतचं, सहा दात्यांचं, हे वळणाला. खुर्चीच्या पाठीची वळणं दोन सूतच्या ब्लेडने सहज निघतात. ते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळतं. तीन सूतचं दीड इंचापर्यंत, चार सूतचं अडीच इंचापर्यंत. एक सूतचं ब्लेड याहून कितीतरी बारीक, पाच मिलिमीटरपर्यंत वळतं, पण नाजूक असतं. मी ते खेळण्यांपुरतंच लावतो. चौदा इंची मशीनवर सहा सूतचं ब्लेड बसतं असं माहितीपत्रकात लिहिलेलं असलं तरी त्याला लागणारा ताण तो सांगाडा देऊ शकत नाही. अर्ध्या इंचाच्या वर जाऊ नका.

दात्यांचं गणित असं. कापताना लाकडात निदान तीन दाते असावेत, सहा ते बारा असले तर उत्तम. दोन सूत जाडीचं प्लाय कापायचं तर इंचाला बारा दात्यांचं ब्लेड लागतं, तेव्हा कुठे तीन दाते आत राहतात. उलट सहा इंच उंचीची फळी चिरताना तीन दात्यांचं ब्लेडसुद्धा अठरा दाते आत ठेवतं. तिथे सहा दात्यांचं लावलं तर दोन दात्यांमधल्या खाचा भुशाने गच्च भरतात, ब्लेड तापतं आणि आतल्या आत वाकडं जातं. फळीला पोट आलेलं दिसतं ते त्यामुळे.

लांबी कशी मोजायची, तर दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा आणि त्यात व्यास गुणिले ३.१४ मिळवा. चौदा इंची चाकं आणि मध्यांत २४.७५ इंच अंतर असेल तर ४९.५ अधिक ४४, म्हणजे साडेत्र्याण्णव इंच. वरचं चाक त्याच्या सरकण्याच्या मधोमध ठेवून मोजा.

जाडीही विचारा. चौदा इंची चाकाभोवती ब्लेड दर फेरीला दोनदा वाकून सरळ होतं. ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीचं टिकतं. ०.९ मिलिमीटरचं ब्लेड चांगल्या प्रतीचं असलं तरी या लहान चाकांवर थकून लवकर तुटतं.

साधं कार्बन पोलादाचं ब्लेड स्वस्त असतं, शिकण्यासाठी तेच घ्या. बायमेटल जास्त टिकतं. कार्बाइडच्या टोकांचं ब्लेड सागासाठी फार चांगलं. सागात सिलिका असते आणि साधे दाते ती पटकन बोथट करते. पण खिळ्याला लागलं तर ते ब्लेड गेलंच, म्हणून जुन्या लाकडाला मी कार्बाइड लावत नाही.

ब्लेड तुटलं तर जोडता येतं का? धार लावता येते का?

दोन्ही होतं. कुपवाड, मिरज, सातारा, कराड इथल्या औद्योगिक वसाहतींत लोखंड कापायचे बँडसॉ चालतात आणि गुंडाळीतून मापाचं ब्लेड तोडून टोकाला टोक जोडून देणारे असतात. लाकडाचंच ब्लेड मागा, कारण लोखंडाच्या ब्लेडचे दाते बारीक असतात. जोड बोट फिरवून बघा. तिथे उंचवटा राहिला तर गाइडमधून जाताना प्रत्येक फेरीला टकटक होते. या मशीनची सगळी कथाच जोडाची आहे. पेटंट १८०९ साली लंडनच्या विल्यम न्यूबेरींनी घेतलं, पण पट्टीचा जोड टिकत नव्हता म्हणून ते पडूनच राहिलं. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या आन पोलँ क्रेपँ या बाईंनी जोडण्याची रीत काढली, तेव्हा मशीन कामाचं झालं.

धारेचं म्हणाल तर साडेत्र्याण्णव इंचाच्या, तीन दात्यांच्या ब्लेडला २८० दाते येतात. मशीनवरच ब्लेड ठेवून, प्लग काढून, लहान हिऱ्याच्या कानशीने प्रत्येक दात्याच्या खाचेला दोन-दोन हलके फेर दिले तर तासाभरात ब्लेड पुन्हा कामाला येतं. पहिल्या दात्यावर खडूची खूण करा. असं दोन-तीनदा करता येतं, मग दात्यांचा फाक, म्हणजे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात तो, कमी होतो आणि ब्लेड लाकडात अडकू लागतं.

काप तिरका जातो. फेन्स लावूनही फळी सरकते. काय करू?

आधी ब्लेड धारदार आहे का ते बघा. मग या क्रमाने जा, उड्या मारू नका. प्लग काढा. गाइडं सगळी मागे घ्या. ब्लेड ताणा. हाताने चाक फिरवत वरच्या चाकाचा कल असा ठेवा की ब्लेड टायरच्या मधोमध चालेल. माझ्या मशीनवर दात्यांच्या खाचा टायरच्या मध्यरेषेवर आल्या की ते सगळ्यात सरळ कापतं. आता बाजूची गाइडं जवळ आणा. मधे साध्या कागदाएवढी फट ठेवा आणि गाइडची पुढची कड खाचांच्या जरा मागे ठेवा, नाहीतर दात्यांचा फाक मोडतो. मागचं बेअरिंग ब्लेडपासून अर्धा मिलिमीटर मागे. नुसतं चालताना ते फिरू नये, लाकूड लागलं की फिरावं.

मग एका टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्सशिवाय, हाताने रेघेवर चिरा. अर्ध्यात आल्यावर थांबा, मशीन बंद करा आणि फळीची कड टेबलावर कोणत्या कोनात आहे ते पेन्सिलीने आखून घ्या. ब्लेडची ती नैसर्गिक चाल. फेन्स त्या कोनाला समांतर लावा.

एवढं करूनही तिरकेपणा जात नसेल तर तुम्ही लाकूड घाईने ढकलताय. चौदा इंची चाक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर ब्लेड मिनिटाला जवळपास ८९० मीटर धावतं. त्याला कापायला वेळ द्या. आवाज एकसारखा राहिला पाहिजे. तो खोल जायला लागला की हात सैल करा.

ताण किती द्यायचा?

मशीनवरच्या स्प्रिंगच्या खुणा अंदाजापुरत्या. गाइड सहा इंच वर घ्या आणि बोटाने ब्लेड बाजूने मध्यम जोराने दाबा. पाव इंचाच्या आत हललं पाहिजे. रुंद ब्लेडने चिरताना त्याहून कमी. मशीन चालू करून ब्लेड समोरून बघा; कड धूसर दिसत असेल, फडफडत असेल तर थोडा ताण द्या. दिवसाचं काम संपलं की ताण सैल करा. ताणलेलं ब्लेड महिनाभर तसंच राहिलं तर टायरवर खळगे पडतात. सैल केल्यावर स्विचवर चिठ्ठी लावा, म्हणजे सकाळी सैल ब्लेडवर मशीन चालू होणार नाही.

जुन्या वाड्याच्या तुळया चिरता येतात का?

येतात, आणि ते लाकूड मन भरून टाकतं. शंभर वर्षं वाळलेला साग आजच्या बाजारात मिळत नाही. पण त्यात हाती घडवलेले खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले, वरून न दिसणारे. आधी लोखंडी ब्रशने तुळई घासा, मग जोरदार लोहचुंबक दोरीला बांधून सगळीकडे फिरवा. लाकडावर काळा-निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं समजा. खिळा निघत नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी हातकरवतीने तुकडा काढून टाका. शेवटी माती आणि चुना असलेली वरची सूतभर जाडी रंध्याने काढा. त्यासाठी जुना रंधा वापरा, चांगल्याची धार त्यात घालवू नका.

मिरजेच्या वाद्यांसारखं काम यावर होईल का?

सांगली-मिरजेत हा प्रश्न येणारच. मिरजेत शिकलगार घराणी आधी शस्त्रांना धार लावत. पुढे ती सतार-तंबोऱ्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा मंगळवेढ्याकडून येतो आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, तून लाकूड लागतं. चार सूतच्या धारदार ब्लेडने तुनाची पाच-सहा मिलिमीटरची एकसारखी पानं निघतात, दांडीचा बाहेरचा आकारही काढता येतो. बँडसॉचं काम तिथे संपतं. तबलीचा उभार, जाडीतला चढउतार, जवारी (तारांखालची घोडी घासून सूर लावणं) हे सगळं हाताचं आणि कानाचं काम आहे, आणि ते शिकायचं तर मिरजेत एखाद्या कारागिराजवळ बसूनच.

ओलं लाकूड लगेच चिरावं का?

ओलं चिरणं सोपं, वाळवणं अवघड. आंबा लगेच चिरा, पडून राहिला तर कीड आणि बुरशी लागते. फळ्यांच्या टोकांना जाड ऑइल पेंट लावा, एकाच जाडीच्या पट्ट्या मधे घालून सावलीत रचा आणि वर दगड ठेवा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष थांबा. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. ओली बाभूळ चिरून टेबल तसंच सोडलंत तर सकाळी लोखंडावर काळे डाग दिसतील.

पावसाळ्यात आणि पुरात काय करायचं?

महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत टेबल आठवड्यात गंजतं. माणदेशात तेच मशीन वर्षभर कोरडं राहतं. दर पंधरा दिवसांनी टेबलावर मेणाचा पातळ हात फिरवा. फर्निचरचं साधं पेस्ट मेण चालतं. सिलिकॉनचं पॉलिश वापरू नका, ते लाकडाला लागून पुढे रंग धरत नाही.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माझ्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी पाच दिवस होतं. खालचं चाक, मोटर, बेअरिंग सगळं गाळात. पाणी ओसरल्यावर मोटर चालू करून बघायचा मोह होतो, तो करू नका. आधी गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, वाळला की दगड होतो. मोटर उघडून रिवाइंडिंगवाल्याकडे द्या, तो वाळवून मेगरने इन्सुलेशन तपासतो. बेअरिंग आणि कपॅसिटर बदलाच, वाचवायच्या नादी लागू नका. टेबलाचा गंज रॉकेल आणि हिरव्या घासणीने निघतो. माझं मशीन दीड महिन्यात पुन्हा चालू झालं.

तेव्हापासून मोटरचे चार बोल्ट हाताने सुटतील असे ठेवले आहेत आणि तिची वायर प्लगने जोडली आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा पुलावरचा आकडा ४० च्या पुढे जाताच मुलाने आणि मी मोटर, टेबल, ब्लेडं अर्ध्या तासात माडीवर नेली. नदीकाठी राहत असाल तर हे एकदा उन्हाळ्यात करून बघा, कोणता पाना लागतो ते भिंतीवर लिहून ठेवा.

सुरक्षिततेसाठी काय पाळायचं?

वरचं गाइड लाकडापासून बोटभर उंचीवर आणा, जास्त उघडं ठेवू नका. हातमोजे घालू नका. दात्यात कापड अडकलं की हात ओढला जातो. सैल बाही, पदर, ओढणी, गळ्यातली साखळी आवरून घ्या. बोटं ब्लेडच्या रेषेत कधीच नकोत, शेवटच्या चार इंचांना ढकलकाठी वापरा. गोल लाकूड तसंच कापू नका, ते गरकन फिरून ब्लेडला खेचतं; इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खोबणीत धरून कापा. अर्धवट कापातून मागे यायचं तर आधी मशीन बंद करा. ब्लेड तुटलं तर बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. बटण दाबा, मागे व्हा आणि चाकं थांबेपर्यंत दार उघडू नका.

आणि भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. शिसम आणि सागाच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळही उठतं. चार इंची नळीचा डस्ट कलेक्टर लावा, आणि तो असला तरी एन-९५ मास्क घाला. घरचा व्हॅक्यूम क्लीनर याला पुरत नाही. मला या बाबतीत कोणाचंही ‘चालतंय की’ चालत नाही.

शेजाऱ्यांना त्रास होतो का?

ग्राइंडर किंवा राउटरच्या मानाने फारच कमी. दुपारी दोन ते चार मी मशीन बंद ठेवतो, एवढ्यावर आमच्या गल्लीत कोणाची तक्रार नाही.

वर्षाची देखभाल कधी आणि काय?

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, म्हणून आदल्या दिवशी मशीन उघडतो. दोन्ही चाकांच्या टायरवर चिकटलेला भुसा लाकडी पट्टीने खरवडतो, खालच्या चाकाचा ब्रश बदलतो, पट्ट्याचा ताण आणि भेगा बघतो, गाइडची बेअरिंग बोटाने फिरवून खरखर ऐकतो, ताणाच्या स्क्रूला ग्रीस आणि ट्रनियनला कोरडं मेण लावतो. पूजेला हळद-कुंकू आणि झेंडू वाहतो ते सांगाड्यावरच्या रंगलेल्या भागावर. एका वर्षी ओलं कुंकू आणि फुलं टेबलावर राहिली, तो गंजाचा गोल डाग अजून पुसट दिसतो.